दोन गोळ्यांचा इतिहास

इंदुरात कुणाच्या घरी हार्ट अटॅक आल्याची बातमी पसरली की तीन-चार दिवसांत मागून दुसरी बातमी येते, "स्टेंट टाकला, आता काळजी नाही." समाजाच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं येतात, कुणी नवकाराचा जाप ठेवतं, पेशंट घरी आला की साता विचारायला येणाऱ्यांची रीघ लागते. घरातली बाई चहाचे कप धुता धुता मनात म्हणते, चला, सुटलो एकदाचे.

बहुतेक घरांत खरोखरच सुटका होते. पण काही घरांत दहाव्या, पंधराव्या, विसाव्या दिवशी पुन्हा तोच घाम, तेच छातीवरचं दडपण आणि पुन्हा तीच धावपळ. मग लोक दोनपैकी एक बोलतात. एक तर "डॉक्टरनं फसवलं", नाहीतर "असाता वेदनीय कर्माचा उदय, काय करणार!" कर्माचा उदय आपण मानतोच. पण त्याच्या जोडीला पुरुषार्थही आपल्याच धर्मानं सांगितला आहे ना? आणि या बाबतीत पुरुषार्थ कुठं करायचा ते कळायला थोडा इतिहास माहीत हवा. उघडलेली नळी पुन्हा का मिटते, या एकाच प्रश्नामागं जगभरचे डॉक्टर चाळीसएक वर्षं लागले होते. त्यांना जे उत्तर सापडलं ते आपल्या स्वयंपाकघराच्या फळीवर, गोळ्यांच्या डबीत येऊन बसलं आहे. ते तिथं कसं पोचलं, त्याची ही गोष्ट.

१९१२ साली शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एक निबंध लिहिला. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी अडकली तरी माणूस त्या क्षणी मरतोच असं नाही, तो जगूही शकतो, असं त्यांनी दाखवलं. आज हे साधं वाटतं. पण तोवर 'हृदय बंद पडलं' म्हणजे संपलं, एवढंच लोकांना ठाऊक होतं. गुठळी आहे हे कळलं, तरी ती काढायची कशी हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. त्यामुळं पुढची कित्येक वर्षं न्यूयॉर्क काय, लंडन काय नि आपलं इंदूर काय, इलाज एकच होता: पलंगावर पडून राहा, हलू नका. आपल्या गावात १८७८ पासून मेडिकल स्कूल होतं, पुढं ते किंग एडवर्डच्या नावानं ओळखलं गेलं. १९४८ मध्ये महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेज झालं, त्याला जोडून महाराजा यशवंतराव हॉस्पिटल उभं राहिलं. आजही निमाड-माळव्यातला माणूस 'एमवाय'ला नेलं म्हणतो ते हेच. पण त्या काळात कितीही मोठ्या दवाखान्यात नेलं, तरी मिटलेली नळी उघडायची किल्ली कुणाकडंच नव्हती.

पहिली किल्ली सापडली ती जंतूंकडून. १९३३ मध्ये अमेरिकेतले डॉ. विल्यम टिलेट यांना दिसलं की घसा बिघडवणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमधून एक पदार्थ निघतो आणि तो रक्ताची गुठळी विरघळवतो. त्यातूनच स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आलं. तरी अटॅकमध्ये ते वापरायला फार वर्षं जावी लागली, कारण अटॅकच्या वेळी नळीत खरंच गुठळी असते की ती मेल्यानंतर तयार होते, यावर डॉक्टरांचंच एकमत नव्हतं. १९८० साली अमेरिकेतले डॉ. मार्कस डीवूड यांनी अटॅक चालू असतानाच रुग्णांच्या नळ्यांचे फोटो काढले. पहिल्या चार तासांत आलेल्यांपैकी शंभरातल्या ८७ जणांची नळी पूर्ण बंद होती. वाद तिथंच मिटला. १९८६ मध्ये इटलीत ११,८०६ रुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि स्ट्रेप्टोकायनेजनं माणसं वाचतात हे सिद्ध झालं. जितक्या लवकर औषध, तितका जास्त फायदा, हेही दिसलं.

आणि इथंच पहिल्यांदा आपला प्रश्न समोर आला. औषधानं गुठळी विरघळायची, नळी उघडायची, पेशंट हसून बोलायचा आणि काही दिवसांनी त्याच नळीत नवी गुठळी व्हायची.

असं का व्हावं? समजा, तुमच्या भिंतीचा पोपडा उडाला आहे. नळीच्या आतल्या भिंतीवर चरबीचा थर असतो, तो फुटतो. फुटलेली जागा म्हणजे शरीराच्या लेखी जखम. जखमेवर खपली धरायला रक्तातल्या प्लेटलेट धावत येतात. बोट कापलं तर ह्याच प्लेटलेट आपला जीव वाचवतात. नळीच्या आत मात्र त्यांची खपली म्हणजेच गुठळी. औषधानं गुठळी गेली, पण खालची जखम तशीच उघडी राहिली. प्लेटलेटना काय कळतं, त्या पुन्हा धावून येतात.

१९८८ मध्ये या प्रश्नाचं पहिलं मोठं उत्तर मिळालं. आयसिस-२ नावाचा अभ्यास. १७,१८७ रुग्ण, ४१७ हॉस्पिटलं. काहींना स्ट्रेप्टोकायनेज, काहींना महिनाभर रोज ॲस्पिरिनची छोटी गोळी, काहींना दोन्ही, काहींना दोन्ही नाही. पाच आठवड्यांत दोन्ही न मिळालेल्यांपैकी शंभरात साधारण १३ जण दगावले, दोन्ही मिळालेल्यांपैकी ८. पण आपल्या विषयासाठी त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. ज्यांना फक्त गुठळी विरघळवणारं औषध दिलं, त्यांच्यात पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. जोडीला ॲस्पिरिन दिली की तो वाढीव धोका नाहीसा झाला. म्हणजे दार उघडणं वेगळं आणि उघडं ठेवणं वेगळं. पहिलं काम मोठ्या इंजेक्शनचं, दुसरं काम चार-आठ आण्यांच्या गोळीचं.

या अभ्यासाची एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण आपल्याकडं पत्रिका पाहिल्याशिवाय पान हलत नाही. अहवाल छापायच्या आधी संपादकांनी विचारलं, अमक्या वयाच्यांना किती फायदा, तमक्यांना किती, असे वेगवेगळे गट पाडून दाखवा. संशोधकांनी गट पाडले आणि त्यात राशीही घातल्या! मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिनचा फायदा नाही, असं त्या तक्त्यात दिसतं. अर्थात त्यांना सांगायचं होतं ते उलटंच: लोकांचे हवे तसे बारीक गट पाडत बसलात तर काहीही निघेल, म्हणून एकूण उत्तरावर विश्वास ठेवा. 'माझ्या प्रकृतीचं वेगळं आहे, मला नाही लागत गोळी' असं म्हणणाऱ्या प्रत्येक काकांना हा तक्ता दाखवावासा वाटतो.

दुसरी किल्ली तयार झाली ती चक्क स्वयंपाकघरात. झुरिकमधले डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग संध्याकाळी घरच्या टेबलावर बसून बारीक नळीच्या टोकाला चिमुकला फुगा बसवायचा प्रयत्न करायचे. सोबत त्यांची पत्नी मिखाएला आणि सहाय्यक मारिया श्लुम्फ असायच्या. कितीतरी फुगे फुटले. शेवटी १६ सप्टेंबर १९७७ या दिवशी त्यांनी ३८ वर्षांच्या एका रुग्णाच्या हृदयाच्या नळीत तो फुगा नेला, फुगवला आणि अरुंद जागा रुंद केली. छाती न कापता. हीच पहिली अँजिओप्लास्टी. ग्रुंट्झिग यांच्याकडून शिकून आलेल्या डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिकल यांनी १९८६ मध्ये ती भारतात आणली.

ग्रुंट्झिग यांचा पहिला रुग्ण काही अटॅक चालू असताना आला नव्हता. ऐन अटॅकमध्ये फुगा वापरायचं धाडस १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या कॅन्सास सिटीच्या डॉ. जेफ्री हार्ट्झलर यांनी केलं. औषध श्रेष्ठ की फुगा, याचा निकाल लावणाऱ्या मोठ्या अभ्यासांपैकी एक १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या प्रमुख होत्या एक बाई, डॉ. सिंडी ग्राइन्स. औषध मिळालेल्या रुग्णांत दवाखान्यातच मृत्यू किंवा पुन्हा अटॅक असं शंभरात १२ जणांचं झालं, फुगा केलेल्यांत साधारण ५ जणांचं. फरक मोठा होता. तरी ते पाच उरलेच. फुग्यानं ताणलेली भिंत कधी आतून चिरायची, कधी पुन्हा आक्रसायची, आणि दवाखान्यात असतानाच नळी मिटायची. जे त्यातून सुटायचे त्यांच्यापैकीही साधारण तिघांत एकाची नळी सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची.

मग विचार आला की भिंत पडू नये म्हणून आपण खांब देतो, तसा आतून जाळीचा आधार द्यावा. १९८६ मध्ये फ्रान्समधले डॉ. जाक प्युएल आणि स्वित्झर्लंडमधले डॉ. उलरिख सिगवार्ट यांनी माणसाच्या हृदयाच्या नळीत पहिल्या जाळ्या बसवल्या. हाच तो स्टेंट. आता प्रश्न सुटला, असं सगळ्यांना वाटलं.

सुटला नव्हता. १९९१ मध्ये युरोपातल्या पहिल्या १०५ रुग्णांचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यातल्या २५ जणांचा स्टेंट पूर्ण बंद झाला होता आणि बहुतेकांचा पहिल्या चौदा दिवसांत. चौघांत एक! परक्या धातूवर प्लेटलेट आणखीच चिकटत होत्या. त्यावर उपाय म्हणून रक्त गोठू न देणारी चार-चार जालीम औषधं दिली जायची. त्यानं गुठळी पूर्ण थांबायची नाहीच, वर रुग्णाला रक्तस्राव व्हायचा, आठवडा-आठवडा दवाखान्यात पडून राहावं लागायचं. स्टेंट हा प्रकारच सोडून द्यावा असं म्हणणारे डॉक्टर तेव्हा कमी नव्हते.

वाट दोन ठिकाणांहून निघाली. मिलानचे डॉ. अंतोनिओ कोलंबो यांनी नळीच्या आत सोनोग्राफीचं बारीक साधन नेऊन पाहिलं, तर बाहेरून छान दिसणारा स्टेंट आत नीट उघडलेलाच नव्हता. भिंतीत आणि जाळीत फट राहत होती. जास्त दाबानं फुगवून त्यांनी ती फट बुजवली. दुसरं उत्तर जर्मनीतून आलं. १९९६ मध्ये म्युनिकच्या डॉ. आल्बर्ट शोमिग यांच्या गटानं ५१७ रुग्णांवर तुलना केली. एका गटाला जुनी जालीम औषधं. दुसऱ्या गटाला फक्त दोन गोळ्या, ॲस्पिरिन आणि प्लेटलेटना दुसऱ्या बाजूनं रोखणारी टिक्लोपिडिन. महिनाभरात जुन्या पद्धतीच्या गटात शंभरात पाचांहून जास्त स्टेंट बंद पडले. दोन गोळ्यांच्या गटात एकही पुरता नाही, ०.८ टक्के.

मैत्रिणींनो, आपल्या गोष्टीचं मूळ इथं आहे. स्टेंट टिकला तो पोलादामुळं नाही, दोन गोळ्यांमुळं. टिक्लोपिडिननं काहींच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटायच्या, म्हणून पुढं क्लोपिडोग्रेल आली, नंतर प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर. नावं बदलली, जोडी तीच राहिली. आपल्याकडं तिला 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. खरं तर ती रक्त पातळ करत नाही, प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाही.

त्यानंतर औषध लावलेले स्टेंट आले. जखम भरताना आतून मांस जास्त वाढू नये आणि नळी महिन्यांनी पुन्हा अरुंद होऊ नये, म्हणून जाळीला औषधाचा लेप. यातल्या पहिल्या औषधामागं आपला माणूस आहे. ईस्टर बेटावरच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून ते औषध वेगळं करणाऱ्यांत सुरेंद्रनाथ सहगल हे कॅनडात स्थायिक झालेले भारतीय शास्त्रज्ञ होते. कंपनीनं ते काम बंद करायचं ठरवलं तेव्हा सहगल यांनी त्यातला थोडा साठा घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला. पुढं त्यातूनच सिरोलिमस उभं राहिलं आणि १९९९ च्या अखेरीस ब्राझीलमध्ये ते लावलेला पहिला स्टेंट बसला. पण लेपाची दुसरी बाजूही होती. मांस वाढू नये म्हणून दिलेल्या औषधानं जाळीवर अस्तर धरायलाही वेळ लागतो. धातू जास्त दिवस उघडा राहतो. २००६ मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत यावरून मोठं वादळ उठलं. त्यातून हे पक्कं झालं की औषधी स्टेंटनंतर दोन गोळ्या महिनाभर घेऊन भागत नाही. अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही आणि पुढंही बहुतेकांना एक कायम, असा रिवाज पडला. कुणाला रक्तस्रावाचा धोका असेल तर डॉक्टर मुदत कमी करतात. ते त्यांनी ठरवायचं.

त्याच वर्षी अमेरिकेतला आणखी एक अभ्यास आला आणि माझ्या मते तो प्रत्येक घरात वाचला जायला हवा. अटॅकनंतर औषधी स्टेंट बसवलेले ५०० रुग्ण. त्यातल्या ६८ जणांनी, म्हणजे सातात जवळपास एकानं, पहिल्या महिन्यातच दुसरी गोळी सोडली. पुढच्या अकरा महिन्यांत गोळी चालू ठेवणाऱ्यांपैकी शंभरात एकही पुरता दगावला नाही. सोडणाऱ्यांपैकी शंभरात सातांहून जास्त दगावले. मग संशोधकांनी पाहिलं की सोडणारे कोण होते? वयानं जास्त, कमी शिकलेले, खर्चाच्या भीतीनं डॉक्टरकडं न जाणारे, घरी जोडीदार नसलेले, आणि दवाखान्यातून निघताना गोळ्यांविषयी ज्यांना कुणी नीट समजावलं नाही असे. यात रक्ताच्या रिपोर्टइतकंच घराचं चित्र आहे. गोळी हातावर ठेवणारं कुणी आहे का, यावर हृदयाची नळी उघडी राहणं अवलंबून होतं.

सगळे दुसरे झटके त्याच स्टेंटमधले नसतात, हेही सांगायला हवं. अटॅकमध्ये ज्या नळीनं दगा दिला तिच्याशिवाय दुसऱ्या नळ्यांतही अडथळे असू शकतात. जवळजवळ निम्म्या रुग्णांत असतात. सौरव गांगुलींचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. २ जानेवारी २०२१ ला कोलकात्यात व्यायाम करताना अटॅक आला, तातडीनं एक स्टेंट बसवला. उरलेल्या दोन नळ्यांचं नंतर बघायचं ठरलं. २७ तारखेला पुन्हा छातीत दुखलं, दुसऱ्या दिवशी आणखी दोन स्टेंट. २०१९ मध्ये ४,०४१ रुग्णांच्या अभ्यासानं दाखवलं होतं की अशा उरलेल्या अडथळ्यांचा बंदोबस्त ठरवून केला तर मृत्यू किंवा नवा अटॅक यांचं एकत्रित प्रमाण कमी होतं. म्हणून घरी आणताना डॉक्टरांना एक प्रश्न विचाराच, "बाकीच्या नळ्या कशा आहेत? त्यांचं कधी करायचं?" आणि त्यांनी दिलेली तारीख कॅलेंडरवर लिहा. 'आता बरं वाटतंय, दिवाळीनंतर बघू' असं करू नका.

इंदूरच्या आसपासच्या गावांची अडचण आणखी वेगळी. इथं कॅथ लॅब आहेत, सरकारी सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, पण झाबुआ, बडवानी, खरगोनचा माणूस इथं पोचेपर्यंत वेळ जातो. भारतातल्या ५० शहरांतल्या जवळपास २१ हजार रुग्णांची जी नोंद २००८ मध्ये प्रसिद्ध झाली तिच्यात मोठा अटॅक आलेल्या निम्म्या रुग्णांना दवाखान्यात पोचायलाच सहा तास किंवा जास्त लागले होते. म्हणून आता जवळच्या दवाखान्यात आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं आणि मग मोठ्या गावी न्यायचं, ही पद्धत रूढ आहे. असं एक इंजेक्शन, टेनेक्टेप्लेज, पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनं देशातच बनवलं. पण इथं एक गैरसमज होतो. इंजेक्शननं दुखणं थांबलं की घरचे म्हणतात, आता इंदूरला कशाला? १९८८ चा धडा आठवा. गुठळी गेली, जखम तशीच आहे. अशा रुग्णाची साधारण पहिल्या चोवीस तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी. दुखणं थांबणं ही मधली शांतता आहे, तिचा उपयोग प्रवासासाठी करून घ्यायचा.

आणि पैसा? फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणानं औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर आणली, साध्या स्टेंटची ७,२६० वर. त्याआधी औषधी स्टेंटसाठी लाखाच्या वर मोजावे लागत. आता स्टेंट पूर्वीपेक्षा जास्त घरांच्या आवाक्यात आहे. गोळ्या त्याहून स्वस्त. तरी गोळ्याच सुटतात.

का सुटतात? आपल्याच घरांकडं बघू या. दात काढायचा असतो, दातांचे डॉक्टर म्हणतात रक्त थांबणार नाही, गोळी बंद ठेवा. हृदयाच्या डॉक्टरांना कुणी फोन करत नाही. हातावर निळे डाग दिसतात म्हणून घाबरून सोडतात. पालिताण्याला किंवा शिखरजीला जाताना पूजेचं सगळं सामान बॅगेत जातं आणि गोळ्यांची पट्टी ओट्यावर राहते. आणि आपल्याकडचं सर्वांत नाजूक कारण म्हणजे चौविहार आणि तप.

यावर बोलायला आपण बिचकतो, म्हणून मुद्दाम बोलते. टिकाग्रेलॉर ही गोळी दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतरानं घ्यायची असते. थंडीत इंदुरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. चौविहार करणारा माणूस सूर्यास्ताआधी एक गोळी घेतो आणि सकाळची नवकारशी झाल्यावर दुसरी. मधे चौदा तास जातात. कित्येक जण तर संध्याकाळची गोळी सरळ गाळतात आणि हे डॉक्टरांना सांगत नाहीत, कारण डॉक्टरांनी विचारलेलं नसतं. पर्युषणाचे आठ दिवस असोत की दशलक्षणाचे दहा, निर्जळी उपवासात सगळ्याच गोळ्या बंद होतात. दोन महिन्यांपूर्वी स्टेंट बसलेला माणूस अठ्ठाई करतो, समाज त्याची अनुमोदना करतो, आणि त्याच्या छातीत उघड्या धातूवर प्लेटलेटना रोखणारं कुणी उरत नाही.

यात धर्म आडवा येत नाही. पच्चक्खाणाच्या पाठातच आगार म्हणजे सवलती सांगितल्या आहेत. त्यातला 'सव्वसमाहिवत्तियागार' हा याचसाठी आहे की तीव्र आजारात समाधी टिकवण्यासाठी औषध घ्यावं लागलं तर पच्चक्खाण मोडत नाही. ज्यांनी हे पाठ रचले त्यांना आजारी माणूस ठाऊक होता. तेव्हा दवाखान्यातून सुटी मिळण्याआधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, "आम्ही रात्री काही घेत नाही." दिवसातून एकदाच घ्यायची गोळीही असते, ती या रुग्णाला चालेल का हे ते ठरवतील. आणि महाराजसाहेबांना किंवा महासतीजींना सांगायचं, "यांना स्टेंट बसला आहे." तपाचं वर्ष पुढं ढकलता येतं. तपाच्या बारा भेदांत स्वाध्याय, विनय, वैयावच्च हेही तपच आहेत. ते करताना गोळी चुकत नाही.

शेवटी आपल्याबद्दल. घरातल्या पुरुषाला अटॅक आला की त्याची डबी बाई सांभाळते. बाईला आला की तिची डबी कोण सांभाळतं? बायकांना पहिला अटॅक पुरुषांपेक्षा साधारण नऊ वर्षं उशिरा येतो, असं जगभरच्या पाहणीत दिसलं आहे, म्हणून आपल्याला येतच नाही असा समज. त्यात लक्षणंही पुष्कळदा निराळी असतात. जबडा, पाठ, मळमळ, एकदम आलेला थकवा, धाप. 'ॲसिडिटी असेल' म्हणत आपण चार पोळ्या लाटून मग आडव्या होतो. स्टेंट बसल्यावरही सगळ्यांचं ताट वाढून झाल्यावर आपली गोळी घ्यायची असते, आणि तोवर ती विसरलेली असते. ज्या बाईनं नवऱ्याची एक गोळी चुकू दिली नाही तिचीच गोळी चुकते, हे चित्र मला फार ओळखीचं वाटतं.

म्हणून स्टेंट बसलेल्या प्रत्येक घरात, पेशंट बाबा असोत की आई, एवढं व्हावं. पहिला महिना सर्वांत नाजूक, तेव्हा रोज गोळी घेतल्यावर कॅलेंडरवर खूण करावी आणि ती खूण घरातल्या दुसऱ्या माणसानं बघावी. पट्टी संपायच्या आठ दिवस आधी नवी आणावी. दात, मोतीबिंदू, ऑपरेशन, काहीही निघालं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नये. दवाखान्याचे कागद एका पिशवीत दाराजवळ टांगावेत. आणि पुन्हा छातीत दुखलं, घाम फुटला, तर सोडा-लिंबू, बाम यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करून त्या पिशवीसकट निघावं; स्टेंट आत्ताच बसला आहे, पुन्हा कसं होईल, असा विचार करत बसू नये.